वांगी रंगाचं गंगावन

“वांगं! नुसतं वांगं झालंय मेलं. देठ तेवढा लावायचा राहिलाय.”

न्हाणीघराच्या पत्र्यापलीकडे सासूबाई पुटपुटत होत्या आणि अलीकडे मी बंबात ढलप्या सारत बसले होते. मधे भिंत म्हणायची तर एक पत्रा. पलीकडच्याने सुस्कारा टाकला तरी अलीकडच्याला वारा लागायचा. मला वाटलं, भाजीवालीने किडकी वांगी गळ्यात मारली. सुनेच्या तत्परतेने मी म्हटलं, “आई, परत देऊन येऊ का?”

मग कडी निघाली, दाराच्या फटीतून एक ओला हात आला, त्याने माझं मनगट धरलं आणि मला आत ओढलं.

“बोललीस कुठे तर बघ,” सासूबाई म्हणाल्या.

लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती, पण सासूबाईंना उघड्या डोक्याने मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एरवी डोक्यावर पदर आणि पदराखाली नारळाएवढा अंबाडा. आता समोर होतं ते डोकं निराळंच. चार काळ्या बटा आणि त्यांचा मागे बांधलेला सुपारीएवढा बुचडा. नारळ त्यांच्या हातात होता. उलगडलेला, ओला, कमरेपर्यंत लांब.

हल्लीच्या मुली याला एक्स्टेन्शन म्हणतात आणि पार्लरमध्ये बसून उजळ माथ्याने लावून घेतात. आमच्या वेळी याला गंगावन म्हणत आणि दाराला कडी घालून लावत.

“उसने नाहीत हं,” सासूबाईंनी आधीच बजावलं. “माझेच आहेत. प्रल्हादच्या बाळंतपणात विषमज्वर झाला, मुठी मुठी गळले. माझ्या आईने एकेक केस वेचून डब्यात ठेवला आणि लासलगावच्या एका बाईकडून हे गुंफून घेतलं. माझेच केस. आता डोक्यावर उगवत नाहीत, एवढाच काय तो फरक.”

मी गंगावन झरोक्याखाली धरलं. सासूबाई साठीला टेकल्या तरी त्यांच्या डोक्यावर उरलेले केस काळेभोर होते. गंगावन मात्र वांगी होतं. काळपट नव्हे, तपकिरी नव्हे. नुकतं पाणी मारून बाजारात मांडलेल्या वांग्यांच्या पाटीसारखं.

“कशाने झालं हो असं?”

“उन्हाने.”

“उन्हाने केस तांबडे होतात, आई. जांभळे कसे होतील?”

“रंगाऱ्याच्या घरात पस्तीस वर्षं मी काढलीत की तू?”

माझे वडील सिन्नरला पोस्टमास्तर. रंगातलं मला कळायचं ते एवढंच, की पाकिटं तपकिरी असतात आणि अंतर्देशीय निळं. दिवट्यांच्या घरी सून होऊन आले ती येवल्याच्या एका रंगखान्याच्या मागच्या दारात. पैठणीचं रेशीम आमच्याकडे रंगून जायचं. मामंजी रंगवायचे आणि मी दाराच्या चौकटीला टेकून बघायची. कुणी शिकवलं नाही, कुणी हाकललंही नाही. वडिलांकडून आणलेल्या पोस्टाच्या फॉर्मांच्या पाठीवर मी लिहून ठेवायची: पाणी किती, आंबट (म्हणजे रंग धरायला घालायचं ॲसिड) किती, उकळी किती. त्या फॉर्मांची मी वही शिवली होती. ती वही सासूबाईंनी पाहिली होती, हे मला त्या दिवशी न्हाणीघरात कळलं.

“तू लिहून ठेवतेस ना सगळं?” त्या म्हणाल्या. “मग हे काळं करून दे. माझ्या केसांशी जुळलं पाहिजे. रविवारच्या आत.”

रविवार म्हणजे दसऱ्यानंतरचा रविवार. त्या दिवशी गावचे विणकर मिळून मामंजींचा सत्कार करणार होते. शाल, नारळ, मंचावर जोडीने दोन खुर्च्या आणि झगझगीत दिवे लावणारा फोटोग्राफर. तो फोटो आजही आमच्या बैठकीत आहे. त्यात सासूबाईंचा अंबाडा सुपारीएवढा आहे. पण ते पुढचं.

“कोपरगावहून गोदावन्सं येणार,” सासूबाई म्हणाल्या. “वन्संची नजर कशी, ठाऊक आहे ना? दुसऱ्याच्या कपाळावरचं कुंकू तिरकं आहे म्हणून त्या हळदीकुंकवातून उठून जातात. एरवी पदराखाली झाकलं असं म्हणायचं. पण त्या दिव्यांत? भर मांडवात म्हणतील, रंगाऱ्याच्या बायकोच्या डोक्यावर वांगं पिकलंय. आणि मग ह्यांना कळेल.” त्यांनी माझं मनगट पुन्हा धरलं. “बाकी कुणालाही कळू दे, कुमुद. ह्यांना कळता कामा नये.”

मला मनातल्या मनात हसू फुटलं. काय कळता कामा नये? बायकोला गंगावन आहे, हे? आणि कुणाला? सखाहरी दिवट्यांना?

मामंजी काळ्यात अकरा काळे ओळखायचे. भिजलेला काळा, वाळलेला काळा, काजळाचा, कोळशाचा, म्हशीचा, आणि म्हशीतही पाण्यातून निघालेल्या म्हशीचा वेगळा. संक्रांतीच्या चंद्रकळेसाठी जे काळं रेशीम लागतं, ते त्यांच्या हातचं असेल तर विणकर लड नाकाशी नेऊन नमस्कार करायचे. अगदी जायच्या वर्षीसुद्धा, ऐंशी उलटल्यावर, माझ्या पातळाचा काठ विटलाय हे मला त्यांनीच सांगितलं होतं. असा माणूस प्रल्हादच्या जन्मापासून एकतीस वर्षं एका छताखाली राहून नारळाला नारळच समजत असेल, ही सासूबाईंची समजूत मला फार गोड वाटली. साठीची बाई, पण नवऱ्यापुढे अजून लाजते! मी विडा उचलला.

पहिला प्रयोग काळ्या मेंदीचा. बाजारातून तीन पुड्या आणल्या. दुकानदाराने माझ्या वेणीकडे बघितलं. “वहिनी, एवढी? कुणासाठी?”

“माझ्यासाठीच.”

“तुमचे तर काळेच आहेत.”

“म्हणूनच. राहतात तोवर जपायचे.”

लोखंडी कढईत मेंदी कालवली, गंगावन तीन तास बुडवून ठेवलं. सासूबाई दर दहा मिनिटांनी येऊन, भाताला वाफ आली का बघावं तसं झाकण काढून बघत होत्या. धुतलं, झटकलं, परसात बाजेमागे वाळत घातलं. वाळल्यावर दोघी वाकून बघत राहिलो.

“आधी कच्चं होतं,” सासूबाई म्हणाल्या, “आता भाजलं. मीठ-मिरची लावलीस की भाकरीशी खाता येईल.”

रात्रीच्या जेवणात त्याच कढईतली भजी होती. माझा नवरा प्रल्हाद (आता मी त्याला नावाने हाक मारते, तेव्हा ‘अहो’वर भागवायची) एक भजं तोंडात टाकून थबकला. “याला लग्नघरासारखा वास का येतोय?”

“दिवस लग्नसराईचे आहेत,” सासूबाई म्हणाल्या.

“दसऱ्यात?”

“जेव मुकाट्याने.”

मामंजींनी भज्यांची तक्रार केली नाही. त्यांनी एक भजं उचलून दिव्यापाशी धरलं, डोळे बारीक केले, आणि खाल्लं. हल्ली ते सगळंच दिव्यापाशी धरायचे. पेपर, पानातली चटणी, हातातली सुपारी. मी ते बघितलं, पण माझ्या डोक्यात गंगावन होतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सासूबाईंनी फर्मान काढलं. “ह्या बाजारू पुड्या नकोत. रंगखान्यातला काळा घे. तिसरी फळी, डावीकडून दुसरा डबा. दुपारी हे निजले की जा.”

रंगखान्यात डब्यांवर नाव नसायचं. रंगावर नाव लिहावं लागतं तो रंगारी कसला, असं मामंजी म्हणत. डब्याची जागा ठरलेली आणि बाकीचं नजरेवर. दारामागे एक खुंटी होती, तिच्यावर मात्र कधी काही टांगलेलं नसायचं. मी नवी असताना तिला एक ओली लड अडकवली, तर मामंजी इतकंच म्हणाले, “ती नको, पोरी. ती दुसऱ्या कामाची आहे.” काम कसलं, ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या फळीवरचा डबा काढला, पुडीत दोन चमचे घेतले आणि वळले तर दारात प्रल्हाद.

“इथे काय करतेस?”

“पाल बघते.”

“डब्यात?”

“आत शिरली असेल तर?”

त्याने डब्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. चोरी पकडणाऱ्याचा चेहरा असा नसतो; असा चेहरा पकडल्या गेलेल्याचा असतो. “कुठला डबा तो?”

“काळ्याचा.”

“त्यातलं नको घेऊस.”

“का?”

“जुना आहे.”

“जुना कसा? गेल्या महिन्यात मामंजींनी स्वतः भरला. मी होते इथे.”

“म्हणूनच,” तो म्हणाला, आणि काहीतरी विसरल्यासारखं करून माळ्याच्या शिडीकडे निघून गेला.

नवऱ्याचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. मी पुडी पदराला बांधून स्वयंपाकघरात आले.

दुधाचं मोठं पातेलं घेतलं. वहीत लिहिल्याप्रमाणे पाणी, वहीत लिहिल्याप्रमाणे आंबट, मग पुडीतला रंग. पाणी तापलं तसा त्याचा रंग फिरायला लागला. मी वाकून बघितलं, तर पाणी जांभळट. तरी म्हटलं, पाणी काही दाखवो, केसांवर चढला की काळा दिसेल. गंगावन सोडलं. पाच मिनिटांनी लाटण्याने उचलून बघितलं. वांगं. ठसठशीत, चमकदार, पहिल्याहूनही ताजं.

मग मला टीपकागद आठवला. पुडीतला रंग खरा कुठला हे बघायचं तर मामंजी ओल्या टीपकागदावर चिमूटभर भुरभुरवायचे. थेंब पसरला की पोटातलं सगळं कागदावर यायचं. टीपकागद माझ्या माहेरचा, त्याला तोटा नव्हता. ओला केला, चिमूट टाकली. काळ्याचा ठिपकादेखील नाही. मधे जांभळा, कडेला गुलाबीसर, जसं काही कुणी जांभूळ खाऊन चूळ भरलीय.

सासूबाई मागच्या पडवीत लसूण सोलत होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला.

“आई, काळ्याच्या डब्यात वांगी भरलाय.”

“नीट बघ.”

“नीटच बघितलं.”

“डब्यातच?” त्यांचा हात थांबला. “म्हणजे मापात हात चुकला नाही.”

“कुणाचा हात?”

“काही नाही.” लसणाच्या पाकळीचं साल निघालं होतं, तरी त्या ते सोलत राहिल्या. “माळ्यावर जुना एखादा डबा असेल काळ्याचा. जा, बघून ये. आणि हे बघ, प्रल्हादला यातलं काही कळू देऊ नकोस. त्याच्या जिवाला घोर नको.”

गंगावन रंगलं म्हणून मुलाच्या जिवाला घोर कशाला लागेल? पण त्यांचा चेहरा विचारण्यासारखा नव्हता. पातेलं मंद आचेवर ठेवून मी माळा चढले.

माळ्यावर काळ्याचा डबा नव्हता. प्रल्हाद होता. एका पोत्यावर असा बसला होता, जसा काही पोत्यात कुणीतरी आहे.

“ऊठ,” मी म्हटलं. अहो-जाहो खालीच राहिलं.

तो उठला. पोत्यात रेशमाच्या लडी होत्या. एक उचलली, दुसरी उचलली. कौलाच्या फटीतून आलेल्या उन्हात सगळ्या लडी झगमगल्या. सगळ्या वांगी.

“चंद्रकळेच्या आहेत,” प्रल्हाद म्हणाला. “आप्पांनी काळ्या म्हणून दिलेल्या. विणकर मला एकट्याला गाठून परत करतात. मी बाहेरून काळ्या आणून गुपचूप भरून देतो.”

“किती दिवस चाललंय हे?”

“गेल्या दिवाळीपासून. राणी रंगसुद्धा निळसर उतरतोय. मोरपंखी तर नुसता निळा.”

“आणि मामंजी?”

“आप्पा काय?”

“त्यांना सांगितलं?”

“तू सांग,” तो म्हणाला. “मी बघतो उभा राहून.”

मला कळलं. त्या घरात डोळे हा विषयच नव्हता. मामंजींचे थोरले भाऊ एका डोळ्यांच्या शिबिरात गेले आणि एका डोळ्यानेच परत आले. त्याला वीस वर्षं झाली, तरी तेव्हापासून डॉक्टरने नुसतं ‘मोतीबिंदू’ म्हटलं की मामंजी ताटावरून उठायचे. आणि आता रविवारी सगळे विणकर, ज्यांनी वर्षभर वांगी लडी मुकाट्याने परत केल्या, ते त्यांना शाल पांघरणार होते. कशाबद्दल? नजरेबद्दल.

“आईला यातलं काही बोलू नकोस,” प्रल्हाद म्हणाला. “ती खचेल.”

मी शिडीवर बसून हसले. काय करणार? आई म्हणत होत्या प्रल्हादला कळू देऊ नकोस, प्रल्हाद म्हणत होता आईला. विणकर प्रल्हादला सांगून कुणाला सांगू नका म्हणत होते. एकच मांजर सगळ्यांनी आपापल्या टोपलीखाली झाकलं होतं आणि आपल्याच टोपलीत आहे असं प्रत्येकाला वाटत होतं. हसता हसता मला न्हाणीघर आठवलं. ‘ह्यांना कळता कामा नये.’ म्हणजे गंगावन नव्हे. नजर चुकायला लागल्याचं. पण मग सासूबाईंना कधीपासून ठाऊक होतं? आणि कशावरून?

“वास येतोय,” प्रल्हाद म्हणाला.

पातेलं!

आम्ही दोघं शिडीवरून एकमेकांच्या अंगावर पडत खाली आलो आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकलो. आंबटाचा वास घरभर गेला होता, आणि त्या वासाने येवल्यातला एक माणूस गाढ झोपेतून उठणारच होता. मामंजी चुलीपाशी उभे होते. धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, हातात माझं लाटणं, आणि लाटण्यावर एखादी लड पेलावी तसं अलगद पेललेलं, थेंब थेंब गळणारं गंगावन. पलीकडच्या दारात सासूबाई. लसूण पदरातून खाली सांडलेला.

“एवढी उकळी दिलीस?” मामंजी मला म्हणाले. “केस आहेत हे, सूत नव्हे. मंद ठेवायचं असतं. तुझ्या वहीत लिहून घे.”

मी मान हलवली. लिहून घ्यायला हात हलला नाही.

मग ते सासूबाईंकडे वळले. “आणि तुला घाई कसली झाली? दिवाळी वीस दिवसांवर आहे. दर दिवाळीला मी देतोच की करून.”

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती खुंटी कसल्या कामाची, ते मला त्या वेळी उमगलं. पुढे सासूबाईंनी सांगितलंही. दर दिवाळीच्या आधी, वसुबारसेच्या संध्याकाळी, त्या एक पिवळी पिशवी रंगखान्याच्या दारामागे टांगून ठेवायच्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगाच्या वेळी ती न्हाणीघराच्या कडीला अडकवलेली असायची. आत गंगावन, काळंभोर, त्यांच्या केसांशी तंतोतंत जुळणारं. जुळवायला मामंजी नमुना कुठून मिळवायचे? कंगव्यात अडकलेल्या एका केसावरून. एकतीस दिवाळ्या. त्यांनी कधी विचारलं नाही, सासूबाईंनी कधी सांगितलं नाही. आणि मी समजत होते की बाई नवऱ्यापासून गंगावन लपवते!

प्रल्हादने घसा खाकरला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. आपल्या आईला मुळात केस कमी आहेत, हीच बातमी तो अजून गिळत होता.

मामंजींनी लाटणं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. डोळे बारीक केले. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. हा सोहळा मी तीन वर्षं चौकटीला टेकून बघितला होता. अशा वेळी सगळ्या रंगखान्यात कुणी शिंकायचंही नाही.

“झालं,” ते म्हणाले. “काढ आता. बघ कसा उतरलाय. चंद्रकळा!”

गंगावनाच्या टोकाचा एक थेंब ओट्यावरच्या पांढऱ्या फडक्यावर पडला आणि पसरला. मग दुसरा. फडक्यावर जांभळाची झाडं उगवायला लागली. मी फडक्याकडे बघत होते, प्रल्हाद आढ्याकडे बघत होता.

रंग दाखवल्यावर माणसं कशी गप्प बसतात, याचा मामंजींना पन्नास वर्षांचा अनुभव होता. आवडलं तर एक शांतता असते, नाही आवडलं तर दुसरी. ही दुसरी होती.

“काय रे?” त्यांनी लाटणं खाली केलं नाही. “बोलत का नाही कुणी?”

“छान आलाय, आप्पा,” प्रल्हाद म्हणाला. फार लवकर म्हणाला.

“तुला काळा की करडा सांगता येत नाही. कुमुद, तू सांग. टीपकागद कशाला काढला होतास?”

कागद ओट्यावरच होता. मी त्यावर हात ठेवला. “मी काय, मामंजी… मी शिकाऊ.”

“शिकाऊलाच विचारतोय.”

मी सासूबाईंकडे बघितलं. मामंजींनीही तिकडेच बघितलं. सासूबाई जागच्या हलल्या. सांडलेल्या लसणावर पाय न पडू देता सावकाश पुढे आल्या. चुलीपाशी येऊन त्यांनी डोक्यावरचा पदर मागे टाकला. भर दुपारी, मुलासुनेदेखत, तो सुपारीएवढा बुचडा उघडा. आपलं डोकं त्यांनी खिडकीच्या उजेडात, गंगावनाच्या अगदी शेजारी नेलं, विणकर नमुन्याशेजारी लड धरतात तसं.

“जुळतंय?” त्यांनी विचारलं.

मामंजींनी या केसांकडे बघितलं, त्या केसांकडे बघितलं. पुन्हा या. “जुळतंय की.”

“नाही जुळत,” सासूबाई म्हणाल्या. “हे काळे आहेत. ते वांगी आहे.”

“काय आहे?”

“वांगी. भरताच्या वांग्यासारखं.”

मामंजींनी लाटणं दारापाशी नेलं, उन्हात धरलं, परत आणलं. चेहरा हलला नाही, पण लाटणं त्यांनी उलटसुलट फिरवलं आणि थेंब भराभर पडायला लागले. प्रल्हाद एक पाऊल पुढे झाला, तर सासूबाईंनी त्याच्याकडे न बघताच तळहात दाखवून त्याला थांबवलं.

मग मामंजी म्हणाले, “आणि गेल्या दिवाळीत दिलं होतं, ते?”

“तेही.”

“वांगी?”

“वांगी.”

“आणि तू वर्षभर हे डोक्यावर घेऊन हिंडलीस?” आता त्यांचा आवाज चढला. स्वतःचा राग माणूस शेजारच्यावर काढतो तसा. “देवळात? हळदीकुंकवाला? शेजारच्या बारशाला?”

“सगळीकडे.”

“आणि कुणाला दिसलं नाही?”

सासूबाईंनी त्यांच्या हातातलं लाटणं हलकेच काढून घेतलं, गंगावन पातेल्यात सोडलं, आणि त्यांची जांभळी झालेली बोटं आपल्या पदराने एकेक करून पुसायला घेतली.

“सगळ्यांना दिसलं,” त्या म्हणाल्या. “तुमच्याशिवाय.”